एसटीचं कौतुक पुरे

जुलै संपत आला की भाई गणपतराव देशमुखांची पुण्यतिथी येते आणि मोबाइलवर तोच तो मजकूर फिरायला लागतो. अकरा वेळा आमदार. एकच पक्ष, एकच झेंडा. एसटीने प्रवास. साधी राहणी. शेवटी ‘असा नेता पुन्हा होणे नाही’ आणि खाली जोडलेले हात.

त्या मजकुरात खोटं काही नाही. तरी दरवर्षी तो वाचून माझं डोकं फिरतं.

कारण साधेपणाचं कौतुक फुकटात होतं. ते करणाऱ्या आमदाराला आपल्या गाड्यांचा ताफा कमी करावा लागत नाही आणि ते करणाऱ्या मतदाराला आपल्या आमदाराला काही विचारावं लागत नाही. माणूस एकदा देव्हाऱ्यात बसवला की त्याच्या मापाने दुसऱ्या कुणाला मोजायची गरज उरत नाही. ‘पुन्हा होणे नाही’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. का होणे नाही? एसटीत विधिमंडळ सदस्यांसाठी आसन राखीव असतं, वर तशी अक्षरं रंगवलेली असतात. त्या अक्षरांखाली बाजाराला निघालेली म्हातारी बसते, मांडीवर पोर घेतलेली बाई बसते, कॉलेजचा पोरगा बसतो. कंडक्टर कुणाला उठवत नाही. आमदार येणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

पण उद्या २८८ आमदार एसटीने फिरायला लागले तरी माझी तक्रार मिटायची नाही. गणपतराव एसटीतून उतरून कुठे जायचे आणि तिथे काय करायचे, हा खरा विषय आहे, आणि तोच या मजकुरात कधी नसतो.

ते सभागृहात जायचे. मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा हा माणूस वकिली शिकून सांगोल्यात आला आणि १९६२ साली शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप) पहिल्यांदा निवडून आला. यशवंतराव चव्हाण तेव्हा मुख्यमंत्री होते. तो विधानसभेतून बाहेर पडला २०१९ साली, तेव्हा मुख्यमंत्री होते देवेंद्र फडणवीस. मध्ये १९७२ आणि १९९५ असे दोन पराभव. पहिल्या पराभवानंतर १९७४ च्या पोटनिवडणुकीत तो परत आला, दुसऱ्यानंतर १९९९ साली. २०१९ ची निवडणूक वयामुळे लढवली नाही. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचं निधन झालं, तेव्हा वय होतं ९४.

एवढी वर्षं विधानसभेत काढणारा आमदार तिथे करतो काय? प्रश्नोत्तराचा तास, लक्षवेधी, अर्ध्या तासाची चर्चा, कपात सूचना, पुरवणी मागण्या. आमदारकी म्हणजे मुळात हे काम. त्यासाठी अर्थसंकल्पाची बाडं वाचावी लागतात, कोणत्या लेखाशीर्षाखाली किती पैसे ठेवले आणि त्यातले किती खर्च झाले ते शोधावं लागतं, मंत्र्याने दिलेलं गुळमुळीत उत्तर पुढच्या अधिवेशनात त्याच्यापुढे धरावं लागतं. हे करणारा आमदार म्हणून गणपतरावांना विरोधक मानायचे आणि सत्ताधारी वचकून असायचे. आज हिवाळी अधिवेशन आठवड्या-दोन आठवड्यांत उरकतं आणि त्याचं कुणालाही सोयरसुतक नसतं, कारण आमदाराचं काम म्हणजे वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी वाटणं असं आपण सगळ्यांनी ठरवून टाकलंय. पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवा, सभामंडप, स्वागत कमान. कमानीवर नाव लागतं. कपात सूचनेवर लावलेलं नाव वाचायला गावात कोण येतो?

आता ‘एकच पक्ष’ या कौतुकाकडे. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी काँग्रेसमधून बाहेर पडून शेकाप उभा केला, आणि पुढे हे संस्थापकच काँग्रेसमध्ये परत गेले. देशमुख गेले नाहीत. पक्षांतरबंदीचा कायदा झाला १९८५ साली. तोवर हा माणूस पाच वेळा निवडून आला होता. त्या काळात एका रात्रीत बाक बदलायला कसलीही आडकाठी नव्हती आणि काँग्रेसमध्ये जाणाऱ्याला मंत्रिपद मिळत होतं. देशमुख मंत्री झाले ते दोनदाच, १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात आणि १९९९ च्या विलासराव देशमुखांच्या सरकारात. पहिलं सरकार इंदिरा गांधींनी १९८० साली बरखास्त केलं. दुसऱ्या सरकारचा पाठिंबा २००२ साली शेकापने काढून घेतला आणि मंत्रिपद गेलं. ते टिकवण्यासाठी पक्ष सोडायची वाट तेव्हाही मोकळी होती.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये सांगोल्यात त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. उपमुख्यमंत्री फडणवीस आले. शिवसेना फुटून वर्ष उलटलं होतं, राष्ट्रवादी फुटून जेमतेम दीड महिना. ज्या सरकारने हार घातला ते सरकार पक्ष फुटल्यामुळेच उभं राहिलं होतं. मला त्या दिवशी पुतळ्यापेक्षा समोर बसलेल्या शेकापच्या जुन्या कार्यकर्त्यांचं वाईट वाटलं. त्यांनी आयुष्यभर खटाऱ्यावर शिक्का मारला, त्यातल्या कित्येकांना त्या निष्ठेपायी सोसायटीचं कर्ज उशिरा मिळालं असेल, आणि त्यांच्या नेत्याचा गौरव कुणाच्या हातून झाला?

आता पाण्याबद्दल, कारण सांगोल्याचं राजकारण म्हणजे पाणी.

सांगोला पर्जन्यछायेतला तालुका. माण नदी वर्षातला बराच काळ वाळूचीच असते. बच्छावत लवादाने १९७६ साली कृष्णेचं पाणी वाटून दिलं, महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी आलं, आणि ३१ मे २००० नंतर या वाटपाचा फेरविचार होऊ शकेल असं ठरलं. तोवर पाणी अडवलं नाही तर हक्क जाईल या धास्तीने १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ आलं. पण पाणी अडवणं वेगळं आणि ते कुणाला द्यायचं हे ठरवणं वेगळं. नदीकाठच्या उसाला आधीच मिळत होतं. आटपाडीच्या पाणी परिषदेने नेमकं तिथे बोट ठेवलं. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर, गणपतराव देशमुख अशी माणसं १९९० च्या दशकापासून तिथे दरवर्षी दुष्काळी तालुक्यांतल्या शेतकऱ्यांना जमवायची. मागणी एकच होती, समन्यायी पाणीवाटप. उसाच्या पट्ट्यातल्या पुढाऱ्यांना ही मागणी झोंबायची, आणि झोंबायलाच हवी होती.

सांगोल्याचा नकाशा उघडून बघा. नीरा उजवा कालवा फलटण, माळशिरस, पंढरपूर करत इथे येतो. टेंभूचं पाणी कराडजवळ कृष्णेतून उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडी करत इथे येतं. म्हैसाळचं पाणी मिरज, कवठेमहांकाळ, जत ओलांडून या बाजूला येतं. इतक्या वाटांनी पाणी येतं आणि प्रत्येक वाटेवर सांगोला टेलला आहे.

टेलला असणं म्हणजे काय, हे ज्याचं रान कालव्याच्या तोंडाशी आहे त्याला कळणार नाही. आवर्तन सुटल्याची बातमी आधी येते, पाणी मागून येतं. वरच्या गावांत मोटारी पडतात, फाट्याची दारं ठरल्यापेक्षा जास्त उचलली जातात, रात्री पाइप टाकून पाणी ओढलं जातं. शेवटच्या गावातला शेतकरी बॅटरी घेऊन पाटाच्या कडेला बसलेला असतो. पाट ओला व्हायला लागतो, पाणी सरीला टेकतं न टेकतं तोच वरून आवर्तन बंद. पाणीपट्टीच्या कागदावर मात्र त्याचं भिजलेलं क्षेत्र लागलेलं असतं. पाटकरी म्हणतो साहेबांना भेटा, साहेब म्हणतात वरून आदेश आहे.

या माणसाच्या आमदाराला लढावं लागतं ते कागदावर. योजनेच्या अहवालात आपली गावं आहेत की नाहीत, सुधारित प्रशासकीय मान्यता कधी मिळणार, भूसंपादनाला पैसे टाकले की नुसती टोकन तरतूद ठेवली, पंपाचं वीजबिल थकलं तर कोण भरणार. उपसा योजना वीजबिलात बुडायच्या. टँकर चालू, पंप बंद, अशी वर्षं या भागाने काढली आहेत. पुढे बिलाचा ८१ टक्के भार सरकारने उचलायचा आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी, असं ठरलं तेव्हा कुठे पंप जरा नीट चालू लागले. असल्या गोष्टींवर मतं मिळत नाहीत. कमानीसारखं त्याचं उद्घाटनही होत नाही. पण सांगोल्यात पाणी आलं ते असल्या गोष्टींतून.

रोजगार हमीचंही तसंच. १९९० साली रोहयोतून फळबागांना शंभर टक्के अनुदान मिळू लागलं. सांगोल्यातल्या माळरानावर बोर आली, डाळिंब आलं, आणि तालुक्याचं नाव डाळिंबासाठी घेतलं जाऊ लागलं. तेल्या आणि मर रोगाने नंतर बागा पार बसवल्या, हेही खरं. कित्येकांनी मुळासकट झाडं उपटून टाकली. पण मधल्या काळात पक्की घरं झाली, पोरं शिकली.

सूतगिरणीबद्दल दोनच वाक्यं. ज्या तालुक्यात कापूस पिकत नाही तिथे देशमुखांनी शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी काढली, नंतर महिलांची वेगळी काढली. महाराष्ट्रातल्या किती सहकारी गिरण्या भाग भांडवल गिळून बंद पडल्या हे आठवा, म्हणजे ती चालवून दाखवणं किती अवघड होतं ते कळेल.

एवढं सगळं म्हटल्यावर विरोधकांचा प्रश्नही मांडला पाहिजे. पन्नास वर्षं एकच आमदार, मग पाणी इतकं उशिरा का? शहाजीबापू पाटील हाच प्रश्न घेऊन वर्षानुवर्षं लढले. १९९५ साली त्यांनी काँग्रेसकडून देशमुखांना हरवलं, फरक १९२ मतांचा. २०१९ साली शिवसेनेकडून देशमुखांचे नातू अनिकेत यांना हरवलं, फरक ७६८ मतांचा. हा प्रश्न रास्त आहे. दोनदा मंत्रिपद मिळालेल्या माणसाला तो विचारायलाच हवा, आणि ‘गणपतरावआबा साधे होते’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. माझं उत्तर असं: लहान पक्षाचा, बहुतेक काळ विरोधी बाकावर बसलेला आमदार कालवा आणू शकत नव्हता, पण त्याने हा विषय कधी मरू दिला नाही. कालव्याच्या पैशांवर ज्यांची सही चालत होती ते सत्तेतले पुढारी वरच्या तालुक्यांतले होते. देशमुख काँग्रेसमध्ये गेले असते तर पाणी दहा वर्षं आधी आलं असतं का? कदाचित आलं असतं. कदाचित त्या पाण्याच्या मोबदल्यात त्यांचं तोंड बंद झालं असतं आणि आटपाडीची परिषद त्यांच्याशिवाय भरली असती. मला दुसरी शक्यता जास्त वाटते. उसाच्या पट्ट्याविरुद्ध सभागृहात बोलणारी तोंडं तेव्हाही थोडीच होती.

२०१९ साली निवडून आलेले शहाजीबापू २०२२ साली शिवसेना फुटताना बंडखोर आमदारांबरोबर गुवाहाटीच्या हॉटेलात होते, आणि तिथल्या झाडी-डोंगराचं कौतुक केलेल्या फोनमुळे महाराष्ट्रभर पोचले. राज्य हसलं. मला हसू आलं नाही. ज्या मतदारसंघाने अर्धं शतक पक्ष न बदलणारा आमदार बघितला, त्याची ओळख त्या दिवसांपुरती एका हॉटेलशी जोडली गेली. तरीही सांगोल्याच्या मतदाराला भाबडा समजू नका. त्याने गणपतरावांना १९२ मतांनी घरी बसवलं, परत आणलं, नातवाला ७६८ मतांनी थांबवलं आणि २०२४ साली दुसऱ्या नातवाला, बाबासाहेब देशमुखांना, निवडून दिलं.

नातवाचं मात्र मला खुपतं. ज्या पक्षाने घराणेशाहीवर इतकी वर्षं टीका केली, त्याला सांगोल्यात सलग दोनदा उमेदवार त्याच घरात सापडावा? कार्यकर्त्यांचा आग्रह, मतदारांचं प्रेम, ही कारणं प्रत्येक घराण्याकडे असतात. सूतगिरणीत, दूध संघात, पंचायत समितीत काम केलेली शेकापची दुसरी माणसं तालुक्यात आहेत. त्यांच्यातला एकही पुढे न येणं ही गणपतरावांच्या कारकिर्दीतली उणीव आहे, आणि त्यांना मानणाऱ्यांनी ती बोलून दाखवली पाहिजे.

बाबासाहेब आज २८८ जणांच्या सभागृहात शेकापचे एकटे आमदार आहेत. एकट्या आमदाराच्या वाट्याला बोलायला मोजकी मिनिटं येतात. त्या मिनिटांत त्यांनी टेलच्या पाण्याबद्दल काय विचारलं, मंत्र्याने काय उत्तर दिलं आणि पुढच्या अधिवेशनात ते उत्तर पुन्हा समोर धरलं का, हे सांगोल्यातल्या वर्तमानपत्रांनी दर अधिवेशनानंतर तारखेसकट छापावं. शहाजीबापूंच्या कार्यकर्त्यांनी ते कापून जपून ठेवावं, शेकापच्या कार्यकर्त्यांनीही ठेवावं, आणि पुढच्या निवडणुकीत चावडीवर भांडायचं असेल तर त्याच कागदावरून भांडावं.