चेकरसाहेब

पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही जुन्या डिझाईन ऑफिसात डोकावा, खिडकीजवळच्या टेबलावर एक चेकरसाहेब हमखास सापडतील. बाकीच्यांच्या पुढ्यात दोन-दोन मॉनिटर, यांच्या पुढ्यात लाल पेनांनी भरलेला ग्लास आणि ए-थ्री प्रिंटांची चळत. पडद्यावर ड्रॉइंग तपासणं त्यांना मान्य नाही. पडद्यावरची चूक झूम करून लपवता येते, कागदावरची पळून जात नाही, असं त्यांचं म्हणणं. शिक्षण आयटीआय ड्राफ्ट्समन मेकॅनिकल. उमेदवारी ट्रेसिंग पेपरवर झालेली. रॉट्रिंग पेनाची रेष चुकली की ती ब्लेडने हलकेच खरवडायची, आणि कागद फाटला तर अख्खं ड्रॉइंग पुन्हा काढायचं, हे ज्यांनी केलंय त्यांना कंट्रोल-झेड दाबणारी पिढी जरा उनाडच वाटणार.

तुम्ही गिअरबॉक्स काढलाय की पाण्याची टाकी, याच्याशी साहेबांना कर्तव्य नसतं. त्यांना फक्त मापाच्या रेषा दिसतात. कडेपासून पहिली डायमेन्शन लाइन 8 ते 10 मिलिमीटरवर, पुढच्या सारख्या अंतरावर. लहान माप आत, मोठं बाहेर. उलट केलंत तर लहान मापाच्या एक्स्टेन्शन लाइन्स मोठ्या मापाची रेष कापत जातात, आणि तिथे लाल पेन असं काही टेकतं की मागच्या पानावरही वळ उठतो. तुटक रेषेला माप दिलंत तर पेन खाली ठेवून ते नुसते बघतात. मग, "जे दिसत नाही त्याची मापं काढता, राजे? सेक्शन घ्या की!"

एक माप एकदाच, हा त्यांचा मुख्य धर्म. फ्रंट व्ह्यूत दिलेलं माप टॉप व्ह्यूतही दिसलं की नवख्या पोराची हजेरी ठरलेली.

"हे दोनदा का?"

"सर, वाचणाऱ्याला सोपं जावं म्हणून."

"उद्या डिझाईन बदलेल. यातलं एक बदलशील, दुसरं विसरशील. मग टर्नरने कोणतं खरं मानायचं? तुझं लाडकं असेल ते?"

घरीही हाच कायदा चालतो. "येताना दूध आणा" असा फोन दुपारी पुन्हा आला तर साहेब शांतपणे सांगतात, "सकाळी दिलेलं आहे, रिपीट नको."

त्यांचा खरा राग मात्र ऑटोकॅडमधल्या पापांवर. त्यातलं एक्स्प्लोड हे पाप नंबर दोन. डायमेन्शन नीट बसत नाही म्हणून ते फोडायचं आणि बाण, रेष, आकडा सुटे करून हवे तिथे सरकवायचे. ऑटोकॅड 2002 पासून माप वस्तूला चिकटून राहतं, वस्तू ताणली की आकडा आपोआप बदलतो. ही सोय पोरं एका कमांडमध्ये उडवतात. मग प्लेट लांब होते आणि माप जुन्याच जागी जुनाच आकडा सांगत उभं राहतं. डेफपॉइंट्स लेयरची गोष्ट ते नवीन भरती झाली की भुताच्या गोष्टीसारखी सांगतात. पहिलं डायमेन्शन दिलं की हा लेयर स्वतःहून उगवतो. त्यावर काढलेलं सगळं पडद्यावर ठसठशीत दिसतं, प्रिंटमध्ये मात्र येत नाही. "पोरगं रात्री दहापर्यंत बसून भोकं काढत होतं. सकाळी प्रिंट काढली, तर प्लेट कोरी!"

पण पाप नंबर एक म्हणजे आकडा हाताने टाइप करणं. गिऱ्हाईक म्हणतं शंभर नको, अठ्ठ्याण्णव करा. संध्याकाळचे सहा वाजलेले, बस सुटायची वेळ. पोरगं मापावर डबल क्लिक करतं, 100 पुसून 98 लिहितं. रेष शंभराचीच. पूर्वी हे खपून जायचं, कारण टर्नर आकडा वाचायचा. आता फाइल थेट लेझर कटिंगला जाते, आणि लेझरला वाचता येत नाही. तो रेषेवरून चालतो. पत्रे शंभराचे कापून येतात, इन्स्पेक्शनवाला प्रिंटवर अठ्ठ्याण्णव वाचतो आणि सगळा लॉट भंगारात. म्हणून साहेब संशयित माप दिसलं की उठून पोराच्या खुर्चीमागे उभे राहतात. "त्यावर क्लिक कर. आता खरं किती ते दाखव." या सुरात फौजदारही बोलत नसेल.

हा माणूस छळवादी आहे, यात वाद नाही. पण मापाच्या बाबतीत तो बहुतेक वेळा बरोबर असतो, ही ऑफिसची खरी अडचण. पाच भोकं एकापुढे एक साखळीने मापली आणि प्रत्येक मापाला ±0.1 ची सूट दिली, तर कडेपासून पाचव्या भोकापर्यंत ±0.5 होतात. कंसात हिशोब करून दाखवतात, वर लिहितात, "एकाच कडेपासून मोजा." त्यावर बोलणार काय?

परवा साहेब फ्लॅट बघायला पुनावळ्याला गेले. सेल्सच्या मुलीने गुळगुळीत ब्रोशर पुढे केलं. साहेबांनी खिशातून पेन काढलं. खोल्या 3.05, 3.35 आणि 2.75, मधल्या दोन भिंती 0.15 च्या, बेरीज 9.45. आतली एकूण लांबी छापलेली 9.30.

"म्हणजे एक भिंत तुम्ही बांधणारच नाही?"

ती म्हणाली, "सर, स्विमिंग पूल दाखवू?"

मग त्यांनी पट्टी काढली. ड्रॉइंगवर पट्टी लावून माप घेऊ नये, असं ते स्वतःच प्रत्येक टायटल ब्लॉकमध्ये लिहायला लावतात. पण इथे पुरावा गोळा करायचा होता. डबल बेडची लांबी भरली पाच फूट. खोली ऐसपैस दिसावी म्हणून पलंगच आखूड काढलेला. "यावर झोपणार कोण? पाय गॅलरीत का?" ब्रोशर त्यांनी तिथेच तपासलं, सतरा ठिकाणी लाल गोल केले, कोपऱ्यात सही-तारीख टाकली आणि 'रिव्हिजन करून पाठवा' म्हणून परत दिलं.

आठवड्याभरात सुधारलेलं ब्रोशर खरंच आलं. भिंत सापडली होती, पलंग सव्वासहा फुटांचा झाला होता. साहेबांनी एकेक गोल पडताळला, टिक केली आणि मोठ्या समाधानाने कागद वहिनींच्या हातात दिला. वहिनींनी स्वयंपाकघरावर नजर टाकली आणि विचारलं, "फ्रिज कुठे ठेवायचा?"

साहेबांनी कागद परत घेऊन पाहिला. फ्रिज काढलेलाच नव्हता, त्यामुळे तो तपासण्याचा प्रश्न आला नव्हता.