टनेज की उतारा?

आमच्या नगर जिल्ह्यात कोण मोठा आणि कोण छोटा हे ठरवायची रीत उसाने घालून दिली आहे. उसाचे हिशोब दोन. एक टनेज, म्हणजे एकरी किती टन निघाला. आणि दुसरा उतारा, म्हणजे त्यातून साखर किती टक्के पडली. ज्याचं टनेज दांडगं, तो उताऱ्याचा विषय निघाला की तंबाखू मळायला लागतो. ज्याचा उतारा चांगला, तो दुसऱ्याच्या टनेजला ‘नुसतं पाणी’ म्हणतो. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांना सोबत घेऊन प्रवरेच्या खोऱ्यात सहकारी साखर कारखाना सुरू केला, तेव्हापासून तीन पिढ्या या वादावर पोसल्या आहेत. त्यामुळे पुढे क्रिकेटर कोण मोठा हा प्रश्न आला, तेव्हा आम्हाला नवं काही शिकावं लागलं नाही.

प्रश्नही बाहेरून आला नाही, जिल्ह्यातच जन्मला. झहीर खान ७ ऑक्टोबर १९७८ ला श्रीरामपुरात, आणि अजिंक्य रहाणे ६ जून १९८८ ला संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला. एकटा झहीर किंवा एकटा अजिंक्य जन्मला असता, तर जिल्ह्याने गुमान अभिमान बाळगला असता. पण जन्मले दोघं. त्यातही एक श्रीरामपूर तालुक्यात आणि एक संगमनेर तालुक्यात. बाहेरच्या वाचकाला याचं गांभीर्य कळायचं नाही. आमचा जिल्हा राज्यात सगळ्यात मोठा. त्याचं विभाजन करा ही मागणी जुनी, आणि विभाजन झालं तर मुख्यालय श्रीरामपूरला की संगमनेरला हे भांडण मागणीहून जुनं. मध्यंतरी जिल्ह्याचं नाव बदलून अहिल्यानगर झालं, तरी मुख्यालयाचं घोंगडं आहे तिथंच भिजत पडलंय.

मी जन्माने श्रीरामपूरचा आणि जावई आश्वीकडचा. या विषयावर मत नसणं ही माझी सांसारिक गरज आहे.

परवा लोणीजवळच्या एका मंगल कार्यालयात हा वाद पार शिगेला गेला. नवरदेव श्रीरामपूरचा, नवरी आश्वीची. मुहूर्ताची वेळ पत्रिकेत छापली होती, त्यामुळे कोणालाच घाई नव्हती. नवरदेव मारुतीच्या पारावर, पोरं डीजेपुढे, आणि आशीर्वादाचं भाषण करणारे पुढारी अजून दुसऱ्याच लग्नात भाषण करत होते. पंख्याखालच्या खुर्च्या दोन्ही व्याह्यांकडच्या वजनदार माणसांनी धरल्या होत्या. नवरदेवाचे मामा फार पूर्वी विकास सोसायटीचे चेअरमन होते. सोसायटी गेली, ‘चेअरमन’ राहिलं. समोर नवरीचे चुलते, तात्या.

चेअरमन नुसतं म्हणाले, “जावई आमच्या झहीरच्या गावचा मिळाला बरं का तुम्हाला.”

“अन् सून आमच्या अजिंक्यच्या गावची,” तात्या म्हणाले. एवढं पुरलं.

चेअरमननी टनेज काढलं. कसोट्या ९२, विकेट ३११. वन-डेत २८२. २०११ च्या विश्वचषकात २१ विकेट, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने सगळ्यांत जास्त. “कप आला घरात. अजून काय पाहिजे?”

तात्यांनी उतारा काढला. अॅडलेडला सगळी टीम ३६ धावांत गुंडाळलेली, विराट कोहली बाळंतपणासाठी घरी, आणि अशा वेळी अजिंक्य मेलबर्नला कॅप्टन म्हणून उभा राहतो, ११२ मारतो, सामना जिंकतो, आणि १९ जानेवारी २०२१ ला ब्रिस्बेनमध्ये मालिकाच घेऊन येतो. “सहा कसोट्यांत कॅप्टन, एकही हरला नाय. कसोटीत शतकं बारा, अन् त्यातला एकबी सामना देश हरलेला नाय. एक तरी दाखवा.”

“सहा सामने म्हणजे प्रभारी!” चेअरमन.

“प्रभारीनंच काम केलं ना पण.”

तात्यांनी मग ठेवणीतलं काढलं. २००३ ची फायनल, जोहान्सबर्ग, झहीरची पहिली ओव्हर. त्यांनी पुढचं वाक्य बोललंच नाही. नुसता हात उंच करून सोडून दिला. त्या ओव्हरमध्ये १५ धावा गेल्या होत्या आणि श्रीरामपूरला ते इतक्या वर्षांनीही दुखतं. वराकडच्या तीन-चार माणसांनी एकदम पाणी मागितलं. चेअरमन मात्र खंबीर. “तीच फायनल २०११ ला वानखेडेवर परत झाली. पहिल्या स्पेलला पाच ओव्हर, तीन मेडन, सहा रन, एक विकेट. व्याजासकट फेडलंय.” शेवटी झहीरच्या दहा ओव्हरमध्ये साठ गेल्या होत्या, पण तात्यांना ते आठवलं नाही, आणि मला आठवलं तरी मी कुठल्या तोंडाने सांगणार?

यानंतर सरासरी आली. अजिंक्यच्या कसोटी धावा ५०७७, सरासरी ३८. झहीरची सरासरी ३३ च्या आत. तात्या म्हणाले, “बघा, अडतीस मोठे का तेहतीस?” वराकडचे एक निवृत्त गुरुजी कळवळून उठले आणि बोलरची सरासरी जितकी कमी तितकी चांगली हे समजावू लागले. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “कमी असल्यावर चांगली? मग मोठ्यानं कशाला सांगताय?”

माझं निरीक्षण असं आहे की अशा वादात माप कधीच आधी ठरत नाही. आधी माणूस ठरतो, मग त्याच्या अंगाला बसेल असं माप शोधलं जातं. चेअरमनना बॅटिंगचं माप नको होतं, तोवर तात्यांनी ‘बॅट धरता येते का त्याला’ असं विचारलं आणि चेअरमन एकदम बॅटिंगचे भोक्ते झाले. २००४, ढाका, अकराव्या नंबरावर येऊन झहीरच्या ७५ धावा, समोर नाबाद २४८ वर सचिन. अकराव्या नंबरावरच्या माणसाचा तो तेव्हाचा जागतिक विक्रम. वर जोधपूरला २००० साली हेन्री ओलोंगाला शेवटच्या ओव्हरमध्ये लागोपाठ चार सिक्स. “तो सामना झिम्बाब्वेनं जिंकला,” तात्या म्हणाले. आणि लगेच त्यांनी गॉल काढलं: २०१५, एका कसोटीत अजिंक्यचे आठ झेल, कीपर सोडून इतरांत तो तेव्हाचा जागतिक विक्रम. “तोही सामना आपण हरलो,” गुरुजी म्हणाले. हरलेल्या सामन्यांची अशी समसमान वाटणी झाल्यावर क्षणभर शांतता पसरली.

तिचा फायदा घेऊन डोंबिवलीच्या एका पाहुण्यांनी तोंड उघडलं. हे त्यांचं चुकलंच. “खरं तर रहाणे आमचा. वाढला डोंबिवलीत, क्रिकेट शिकला तिकडंच.” आता तात्या आणि चेअरमन एका बाजूला झाले. डोंबिवलीत माणूस राहतो, गाव कसं असेल, असा एकूण सूर लागला. पण पाहुणे लोकलला लोंबकळून घडलेले, हटले नाहीत. त्यांनी झहीरलाही ओढलं: पहिला रणजी सामना बडोद्याकडून, २००१ ची रणजी फायनल बडोद्याला जिंकून दिली, पुढे मुंबईकडून खेळला. अजिंक्य तर मुंबईचाच, २०२४ साली मुंबईला बेचाळिसावी रणजी मिळवून देणारा कॅप्टन. हे मात्र सगळ्यांना बोचलं, कारण खरं होतं. क्रिकेटच्या नकाशावर आमचा जिल्हा महाराष्ट्र संघात मोडतो, आणि आमच्या दोन्ही रत्नांपैकी एकानेही महाराष्ट्राकडून रणजी खेळलेली नाही. आमच्याकडे धरण वर आणि पाणी खाली जायची सवय आहे, म्हणून कोणी फार मनाला लावून घेतलं नाही.

नवरीचा एक मावसभाऊ न्यू जर्सीहून आला होता. तोवर बिचारा सदऱ्याच्या गुंड्यांशी झगडत बसला होता. चेअरमन २०११ मधल्या झहीरच्या नकल बॉलचं वर्णन करत होते, बोटं कशी दुमडायची ते लाडू धरून दाखवत होते, तेव्हा हा म्हणाला, “तो चेंडू मूळचा बेसबॉलमधला.” झहीरचा अमेरिकेशी संबंध निघाल्याबरोबर वराकडच्यांनी त्याला खुर्ची दिली.

मग त्याने अमेरिकेची कहाणी सांगितली. तिकडेही हेच. १९४१ साली टेड विल्यम्सने .४०६ ची सरासरी गाठली, म्हणजे शंभर संधींत चाळीसहून जास्त वेळा चेंडू नीट लागला; आणि त्याच हंगामात जो डिमॅजिओने लागोपाठ ५६ सामन्यांत हिट मारली. वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडला डिमॅजिओ. त्यावर लोक अजून भांडतात. बेब रूथचे होमरन ७१४, हँक ॲरनचे ७५५, बॅरी बॉण्ड्सचे ७६२, आणि तरी मोठा कोण यावर मत एक नाही. “टनेज,” तात्या पुटपुटले. पोरगं म्हणालं, म्हणून तिकडच्या आकडेतज्ज्ञांनी एक नवं माप काढलंय, वॉर. बॅटिंग, पळणं, झेल, फेकणं, सगळं एका आकड्यात. या खेळाडूच्या जागी सहज मिळणारा एखादा बदली गडी उभा केला असता, तर टीमने किती सामने कमी जिंकले असते, तेवढी त्या खेळाडूची किंमत.

हे सगळ्यांना मनापासून पटलं. चेअरमन तर हळवे झाले. आपल्या जागी सोसायटीत कोण आला आणि पुढं काय झालं, हे त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असावं. “पण हा आकडा काढतं कोण?” गुरुजींनी विचारलं. पोराने प्रामाणिकपणे सांगितलं की दोन-तीन ठिकाणी काढतात आणि प्रत्येकाचा थोडा वेगळा येतो. “म्हंजी काटे वेगळे,” तात्या म्हणाले, आणि दोन्हीकडच्या ऊसवाल्यांनी एकमेकांकडे फार अर्थपूर्ण पाहिलं.

कोपऱ्यातले आबा इतका वेळ डोळे मिटून होते. जुने पैलवान. ते म्हणाले, “कुस्तीत ही भानगड नाय. पाठ लागली की लागली. आकडा नाय, बिकडा नाय.” सगळे आदराने गप्प बसणार, एवढ्यात डीजेपुढून घाम पुसत आलेला एक पोरगा म्हणाला, “आबा, गेल्या साली फेब्रुवारीत?” आबांनी परत डोळे मिटले. २०२५ ची महाराष्ट्र केसरी आमच्या नगरलाच झाली होती, आणि पाठ टेकली की नाही यावरूनच असा गोंधळ उडाला की पंचाला लाथ बसली आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली.

गुरुजींना मात्र आता कंठ फुटला होता. “भाऊसाहेब निंबाळकरांचं काय करता?” कोल्हापूरचे निंबाळकर, डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा जागतिक विक्रम मोडायला फक्त दहा धावा, मध्यंतर झालेलं, आणि काठियावाडचे कॅप्टन राजकोटचे ठाकोरसाहेब म्हणाले, आम्ही खेळत नाही. सामना सोडून गेले. निंबाळकरांना देशाकडून एकही कसोटी मिळाली नाही. “यांच्या जागी बदली गडी कोण धरायचा? त्यांनाच कोणी बदली म्हणून घेतलं नाही!” गुरुजींचा आवाज चिरकला. मला हे उदाहरण सगळ्यांत जोरदार वाटलं, पण निंबाळकर दोन्ही तालुक्यांतले नसल्याने ठरावाला अनुमोदक मिळाला नाही.

मग सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली. “जावईबापू, तुम्ही बोला.” श्रीरामपूरवाले मला आपला धरून हसले, आश्वीवाले मला आपला धरून हसले, आणि पलीकडच्या बायकांच्या खुर्च्यांमधून एक नजर माझ्यावर स्थिर झाली. माझं खरं मत असं की झहीर नसता तर चौदा वर्षं आपल्याला डावखुऱ्या वेगवान बोलरची आठवण येत राहिली असती, आणि अजिंक्य नसता तर अॅडलेडचा तो डिसेंबर आपल्याला कधीच विसरता आला नसता. यातलं जड कोणतं हे मी मनाशी ठरवलेलंही आहे. मी म्हणालो, “बोलर आणि बॅट्समनची तुलना होत नसते.” “हा पहिल्यापासून असाच,” चेअरमन म्हणाले. तात्यांनी मान हलवली. पाहिलंत, माझ्याबाबत त्यांचं लगेच एकमत झालं.

न्यू जर्सीचा पोरगा मोबाइलवर काहीतरी बडवत होता. त्याने म्हणे दोघांचाही अंदाजे वॉर काढायला घेतला होता. चेअरमन त्याच्या खांद्यावरून वाकले. “तो बदली गडी धरलाय ना तू, तो कुठल्या तालुक्यातला?”

“तो खरा नसतो मामा. अगदी साधारण, कुठंही मिळेल असा.”

“साधारण? मग राहात्याचा धर,” तात्या म्हणाले, आणि श्रीरामपूर-संगमनेर त्या दिवशी पहिल्यांदा एकत्र हसले.

कार्यालयाचा मॅनेजर मघापासून ‘मंडळी, अक्षता घ्या’ म्हणून फिरत होता. तो राहात्याचा. त्याने अक्षतांचं ताट टेबलावर ठेवलं. “राहात्याचा का म्हणून? शिर्डी कुठल्या तालुक्यात हाय? मुख्यालय झालं तर शिर्डीलाच होणार. दुनिया येती आमच्याकडं. विमानतळ हाय.”

“विमानतळ काकडीला आहे,” मागून आवाज आला. “अन् काकडी कोपरगाव तालुक्यात येते.” बोलणारा उठून उभा राहिला होता. तो कुठला, हे विचारायची गरज नव्हती.

न्यू जर्सीच्या पोराने मोबाइल खिशात घातला आणि माझ्या कानाशी वाकून विचारलं, “काका, जिल्ह्यात तालुके एकूण किती?”

“चौदा,” मी म्हणालो, आणि त्याला घेऊन पंगतीकडे निघालो.