नोटवाचक अण्णा

आमच्या गल्लीतल्या अण्णांच्या हातात नोट दिली की ती आधी ट्यूबलाइटकडे जाते. गांधीजींचा वॉटरमार्क दिसला, नोट तिरकी केल्यावर हिरवी तार निळी झाली, की मग ती उलटते. खोटी नोट सापडावी अशी त्यांची मुळीच इच्छा नसते. त्यांना फक्त वाचायचं असतं. मागे वाण्याकडे रांग वाढत जाते आणि हे विसाच्या नोटेवर वेरूळ हिंडत असतात.

काकूंनी सहलीचा विषय काढला की अण्णा पाकीट उघडतात. दहात कोणार्क, पन्नासात हंपी, शंभरात राणी की वाव, दोनशेत सांची, पाचशेत लाल किल्ला. काकूंचा भारत आजवर एवढाच बघून झालाय. २०२३ साली दोन हजारांची नोट चलनातून काढायचं जाहीर झालं, तेव्हा अण्णा हळहळले ते मंगळयानासाठी. (नव्या नोटांचे रंग मला साबणाच्या वड्यांसारखे वाटतात, पण हे अण्णांसमोर बोलायची सोय नाही.)

भाचरं आली की खाऊला पन्नासची नोट मिळते, मात्र मागच्या पट्टीतल्या पंधराही भाषा ओळखल्यावर. मराठी आठवी, मल्याळम आणि नेपाळीच्या मधे, एवढं मुलांना पाठ झालंय. पुढे तमिळ-तेलुगूपाशी गाडी अडते आणि नोट अण्णांच्याच पाकिटात परत जाते.

नाण्यांचं वेड त्याहून जुनं. सालाखाली बारीक हिरा दिसला तर मुंबईची टाकसाळ, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. लग्नात आहेराच्या पाकिटावरचा रुपयाही ते नखाने खरवडून बघतात. देणाऱ्याला वाटतं, अण्णा रक्कम चाचपताहेत. २००७-०८च्या नाण्यांत पन्नास पैशांवर मूठ होती, रुपयावर अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटं. मग पाचावर हात न काढता लाटा का काढल्या, असं विचारलं तर अण्णा इकडेतिकडे बघतात आणि हळूच म्हणतात, "निवडणूक चिन्ह झालं असतं ना!" हा शोध त्यांचा स्वतःचा.

दहाच्या नाण्यावरून मात्र त्यांचा आवाज चढतो. भाजीवाली म्हणाली, "काका, हे नाय चालत." अण्णांनी पिशवी खाली ठेवली. "अहो ताई, २०१८पर्यंतच चौदा नमुने निघाले होते दहाच्या नाण्याचे. चौदाही चालतात. रिझर्व्ह बँकेने तेव्हाच जाहीर केलंय!" ताईंनी जुडीवर पाणी शिंपडलं आणि म्हणाल्या, "मग कोथिंबीर पण तिकडूनच घ्या."

शेवटी त्यांनी क्यूआर कोडचा पुठ्ठा पुढे सरकवला. अण्णांनी तो हातात घेतला, उजेडाला धरला आणि उलटून पाहिला. मागे पावडरच्या डब्याची जाहिरात होती. "याला काय वाचायचं?" म्हणत ते कोथिंबिरीशिवाय घरी आले.

असे अण्णा तुमच्याही गल्लीत असतील. त्यांच्याकडे पाचशेचे सुट्टे मागायला जाऊ नका. चहा दोनदा मिळेल, एक रुपयाच्या नोटेवर गव्हर्नरऐवजी वित्त सचिवांची सही का असते तेही कळेल. सुट्टे मिळणार नाहीत.