तवा परत घ्या!

(एकपात्री विनोदी प्रयोग)

(भांड्यांच्या दुकानातली गादी. मागे तांब्या-पितळेची उतरंड. पुढ्यात गंजलेला बिडाचा तवा, अर्धा बटाटा, जाड्या मिठाची वाटी, एक पेटवलेली शेगडी. अण्णा, साठीच्या पुढचे, खांद्यावर पंचा.)

या, बसा. नाशिकच्या भांडी बाजारात आलात. श्रावण लागलाय, म्हणजे गिऱ्हाइकांची गर्दी. घ्यायला नाही, परत द्यायला.

सकाळी गंगापूर रोडच्या ताई आल्या. तवा असा दोन बोटांत धरलेला, मेलेला उंदीर धरावा तसा.

(ताईंच्या आवाजात) "अण्णा, हा डिफेक्टिव्ह निघाला. गंजला."

म्हटलं, "ताई, लोखंड आहे. गंजला नसता तर डिफेक्टिव्ह."

"पण व्हिडिओत सांगितलं होतं, आयुष्यभर टिकतो!"

"टिकेल की. रात्री कुठे ठेवला होता?"

"सिंकमध्ये. भिजत."

(प्रेक्षकांकडे बघून, हळू) भिजत! तवा आहे का मटकी आहे? उद्या मोड आले असते!

गंमत ऐका. याच ताईंच्या सासूबाई माझ्या वडिलांच्या गादीवर आल्या होत्या. बिडाचा तवा, लोखंडी कढई, पितळेचं घंगाळ, सगळं मोडीत घातलं आणि स्टीलचे डबे घेऊन रिक्षानं घरी. तेव्हा स्टीलची हवाच तशी होती. शेफिल्डच्या हॅरी ब्रेअर्ली साहेबानं 1913 साली लोखंडात क्रोमियम मिसळलं, आणि पुढे इथे आमच्या तांबट आळीतले ठोके थंडावले. सासूनं मोडीत घातलेला तवा आता सून चौपट भावानं घेते आणि भिजत घालते. आम्ही व्यापारी, आमचं दोन्हीकडून बरं चाललंय.

तेवढ्यात एक निवृत्त प्राध्यापक पुढे सरसावले.

(घसा खाकरून) "अण्णा, दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे. तो गंजत नाही. मग तवा का गंजतो?"

म्हटलं, "सर, त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे. त्यामुळे अंगावर पातळ थर धरतो आणि आतलं लोखंड वाचतं. शिवाय त्याच्यावर रोज ऑम्लेट करून रात्रभर पाण्यात कुणी ठेवत नाही."

लोखंडाचं दुखणं एवढंच. तांब्यावर कळंक चढतो तो चिकटून बसतो, खालचं तांबं झाकतो. गंज फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात, खालचं लोखंड पुन्हा उघडं. हवा आणि पाणी मिळालं की पुन्हा सुरू. ती आपल्या नारोशंकराच्या देवळातली घंटा बघा. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची खूण. गोदाकाठी पाऊस खातेय, पण काशाची आहे, गंजाचं नाव नाही. आमच्या दुकानाचं विचारू नका. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला, पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं, की भांडी बाजार माल वरच्या फळीवर चढवतो. राहिलेल्या मालात पाणी ओसरल्यावर काय दिसतं? पितळ काळवंडलेलं, स्टील "आम्हाला काय" म्हणून चमकतंय, आणि लोखंड नखशिखांत भगवं! पंचवटीत जन्म गेलेल्यांना जे वैराग्य येत नाही, ते कढईला एका रात्रीत!

असो. आता उपाय. आपल्याकडे गंजावर उपाय न सांगणारा माणूस अजून जन्मायचाय. एक म्हणते चिंच. दुसरी म्हणते लिंबू. कॉलेजचं पोर म्हणतं, "अंकल, कोला ओता." पिंपळगावचे एक द्राक्षवाले घरची आंबलेली वाईन घेऊन आले. "अण्णा, ही चालेल का?" म्हटलं, "तव्याला चालेल. मला विचारत असाल, तर आंबायच्या आधी यायचं."

सगळ्यांत काम एकच करतं, आंबट. आंबटात गंज विरघळतो. पण गंज संपला की ते लोखंडालाच लागतं! म्हणून व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, अर्धा तास, आणि समोर बसून राहायचं. मालिका बघायला गेलात तर तवा गेला.

आणि एवढा थोडा गंज असेल तर (बटाटा मिठात बुडवून तव्यावर घासत) हे बघा. बटाट्यात थोडं ऑक्झॅलिक आम्ल असतं, मिठानं घासलं जातं. बघा, बघा, पाणी कसं निघतंय! चहाच वाटतो. कुणी पिऊ नका. (बटाट्याची चकती कापून) काळा झाला की चकती काढायची, पुन्हा घासायचं. हे बघा, खालून करडं लोखंड दिसायला लागलं.

मागून एक आजोबा ओरडले, "अण्णा, गंजानं धनुर्वात होतो!"

"आजोबा, धनुर्वात मातीतल्या जंतूनं होतो, तोही जखमेतून. तुम्ही भाकरीला चावलात तर काही होत नाही. भाकरी तुम्हाला चावली तर या, दवाखान्यात नेतो."

(तवा पंच्यानं पुसून हात उंचावत) आता सगळे इथे फसतात! पुसला म्हणजे वाळला नाही. असाच ठेवलात तर जरा वेळानं पुन्हा केशरी. लगेच गॅसवर! (शेगडीवर ठेवतात) पाण्याचा थेंब राहता कामा नये. मग तेल, जवसाचं असेल तर उत्तम. किती? चार थेंब. सगळीकडे लावायचं आणि चुकून लागलं होतं अशा थाटात पुसून काढायचं. ताईंनी पळीभर ओतलं होतं. तवा चिकट झाला. घावन निघेना, उलथनंही निघेना! थर पातळ असला की तापून धुरावतो, घट्ट होतो आणि लोखंडाला धरतो. चारपाच वेळा करा. मग अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवा. सुरुवातीला धिरडी, घावन, भाकरी. टोमॅटो, चिंचेचा रस्सा बिलकूल नको. तो थरच खातो.

(आवाज बदलून) "अण्णा, एवढं करायचं? मग नॉनस्टिकच बरा."

(शांतपणे गल्ला बंद करत) घ्या की. तोही माझ्याकडेच आहे. पण हा तवा मोडीत घालायचा विचार असेल तर आधीच सांगतो, बिडाला मोडीत काही भाव येत नाही. घरी न्या, धुतला की गॅसवर सुकवा. आणि सासूबाईंचं एखादं पितळेचं घंगाळ माळ्यावर चुकून राहिलं असेल, तर घेऊन या. त्याचं बोलू.

(पडदा)