चालत्या गाडीला खीळ

इंग्लंडमधील रेल्वेवेड्यांच्या अनेक पोटजातींपैकी फलाटावर उभे राहून इंजिनांचे क्रमांक टिपणारा, जुन्या वेळापत्रकांचा संग्रह करणारा आणि घरातल्या घरात छोटी आगगाडी फिरवणारा हे तीन प्रकार सर्वपरिचित असले, तरी चौथ्या प्रकाराची व्हावी तशी दखल अभ्यासकांनी घेतलेली नाही. हा चौथा गृहस्थ दुकानातून सुरेख चालणारे छोटे इंजिन विकत आणतो, कारखान्यात नजर लागावी इतक्या सफाईने रंगवलेले त्याचे कवच काढून बाजूला ठेवतो, आणि उरलेल्या चासीवर, म्हणजे चाके, मोटर व दंतचक्रे बसवलेल्या सांगाड्यावर, भलत्याच इंजिनाचा देह स्वहस्ते चढवतो. या देहाचे सुटे भाग ज्या पेटीत मिळतात तिला कन्व्हर्जन किट म्हणतात, आणि ती पेटी बाळगणाऱ्यास सोयीसाठी रूपांतरकार म्हणण्यास हरकत नसावी. चालत्या गाडीला खीळ घालणारे सर्वच समाजांत आढळतात. परंतु त्यासाठी आधी गाडीची पूर्ण किंमत स्वतःच्या खिशातून मोजणारा हा बहुधा एकटाच.

रूपांतरकाराचा स्वभाव कळण्यासाठी थोडे गणित आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये रूढ असलेल्या एका प्रमाणानुसार खऱ्या जगातील एक फूट प्रतिकृतीत 4 मिलिमीटर होतो, म्हणजे सहा फुटी ड्रायव्हर 24 मिलिमीटर उंचीचा भरतो. अरुंद रुळांच्या गाड्या या प्रमाणात करू इच्छिणाऱ्यांनी मात्र रुळांमधील अंतर सरसकट 9 मिलिमीटर धरले, कारण ‘एन गेज’ नावाच्या त्याहून लहान प्रमाणातील गाड्या याच अंतराच्या रुळांवर धावतात आणि त्यांच्या तयार चासी बाजारात आयत्या मिळतात. या संकराला ‘डबल ओ नाइन’ असे नाव आहे. हिशेबाने 9 मिलिमीटर म्हणजे सव्वादोन फूट, आणि 1951 पासून स्वयंसेवकांनी चालवलेली वेल्समधील तालिथ्लिन रेल्वे योगायोगाने नेमकी तेवढ्याच रुंदीची आहे. लिंटन-बार्नस्टेपल रेल्वेची रुंदी 1 फूट साडेअकरा इंच, म्हणजे तिला 8 मिलिमीटरही पुरे. उलट स्टॅफर्डशायरमधील अडीच फुटी लीक-मॅनिफोल्ड रेल्वेला पुरे 10 मिलिमीटर हवेत. तरीही बारीक आणि जाड अशा या दोघींना एकाच मापाचे कपडे घालण्यात रूपांतरकाराला काडीइतकाही संकोच वाटत नाही. मूळ रुळांनुसार तीन-साडेतीन इंचांची ही तफावत ज्याने बिनतक्रार गिळली, तोच गृहस्थ धुराड्याच्या कडेची जाडी पाव मिलिमीटरने चुकली म्हणून रात्र रात्र जागतो. कारण एक ढळढळीत असत्य सर्वांनी मिळून एकदाचे मान्य केले, की उरलेल्या बारीक सत्यांसाठी प्राण पणाला लावण्यास माणूस मोकळा होतो.

हे तत्त्व लीक-मॅनिफोल्डच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल, आणि मराठी वाचकाला ते परकेही वाटणार नाही. 1904 मध्ये सुरू झालेल्या या रेल्वेचे अभियंता एव्हरार्ड काल्थ्रॉप हे त्याआधी आपल्या बार्शी लाइट रेल्वेचे जनक म्हणून प्रसिद्ध होते, आणि 1897 मध्ये बार्शीला रुळांवर आणणारी अडीच फुटांची रुंदीच त्यांनी इंग्लंडातील त्या दरीत नेली. लीड्सच्या किटसन कारखान्यात तयार झालेली तेथील दोन्ही इंजिने पुढे दोन, मध्ये सहा आणि मागे चार चाकांची असून त्यांच्या कपाळी वसाहतीच्या थाटाचा भलामोठा दिवा होता. साहजिकच रूपांतरकाराच्या जगात हा दिवा वादाचा विषय ठरतो. तो असलेले इंजिन करावे की उतरवल्यानंतरचे, हे ठरले की डब्यांचा रंग, फलकावरील अक्षरे आणि ड्रायव्हरची टोपी ही सारी त्या सालाला बांधली जातात. आणि ते ठरेपर्यंत पेटी उघडणे हे अनाचारात मोडते.

पेटी उघडल्यावर खरी साधना सुरू होते. आतील भाग बहुधा व्हाइट मेटलचे, म्हणजे कथील व शिसे यांसारख्या धातूंच्या मऊ मिश्रणातून ओतलेले असतात, आणि नेहमीच्या डाखाची उष्णता लागली तर बॉयलर जुळण्याऐवजी वितळून टेबलावर पसरतो. म्हणून सुमारे 70 अंशांवर वितळणारा खास डाख वापरावा लागतो. चिमट्यात बॉयलर, दुसऱ्या हातात डाखणी, दातांत तार आणि श्वास रोखलेला, अशा आसनात रूपांतरकार तासन्‌तास बसलेला दिसतो. बॉयलरच्या कडेने जाणारा कठडा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या तारेचा असतो, आणि ती तार ज्यातून ओवायची त्या मोहरीएवढ्या खुंट्यांपैकी एखादी चिमट्यातून निसटून गालिच्यात अंतर्धान पावली, की घरातील सर्वांना जागच्या जागी उभे राहण्याचा हुकूम सुटतो. या डाखाचा एक गुण मात्र वर्णनीय आहे: पाण्याला उकळी फुटते 100 अंशांवर, त्यामुळे चुकलेले इंजिन उकळत्या पाण्यात सोडले असता त्याचे सर्व भाग आपोआप सुटे होतात. चहासाठी ठेवलेल्या आधणात एखादे इंजिन गटांगळ्या खात असल्यास घरच्या मंडळींनी त्यास अपघात समजू नये. तो पश्चात्तापाचा विधी असतो.

या साधनेत चासीचा अडथळा सर्वांत मोठा. किटबरोबरचा कागद अमुक कंपनीची अमुक सहा चाकांची चासी आणा म्हणून सांगतो, आणि शोध घेतला असता तिचे उत्पादन कधीच थांबलेले आढळते. नवी आवृत्ती मिळते, पण तिची मोटर उंच असल्याने ती बॉयलरात न मावता ड्रायव्हरच्या जागेत घुसते. ड्रायव्हरला मग कमरेखाली कापून मोटरीवर चिकटवतात, आणि हा कापलेला भाग बाहेरून दिसत नसल्यामुळे सत्यनिष्ठेला बाध येत नाही. दरम्यान जुनी चासी कुठे तरी मिळेल या आशेने आणखी तीन किट खरेदी होतात, कारण पुढे तीही मिळणार नाहीत ही भीती असते. अशा रीतीने कपाट भरत जाते आणि रूळ रिकामे राहतात.

इंजिन पुरे झालेच तर ते पाहण्यास त्याच पोटजातीतील एखादा पाहुणा येतो, भिंग लावून बराच वेळ न्याहाळतो, “फारच सुंदर” असे म्हणतो आणि मग अत्यंत नम्रपणे विचारतो, की हा दिवा त्या सालच्या फोटोत होता काय. यजमानही तितक्याच नम्रपणे त्याचे आभार मानतो आणि पाहुणा दाराबाहेर पडताच आधण ठेवतो. यास अपयश म्हणणे अन्यायाचे होईल. दुधाच्या वाहतुकीवर भिस्त ठेवणारी खरी लीक-मॅनिफोल्ड रेल्वे तीस वर्षेही पुरी न होता 1934 मध्ये बंद पडली. रूपांतरकाराची रेल्वे अद्याप सुरूच व्हायची असल्यामुळे ती बंद पाडणे कोणत्याही सरकारला, कंपनीला वा मोटारबसला शक्य नाही.