मत्स्यवीर आणि त्याची बैठक

वाशीच्या खाडीकिनारी एकट्याने गळ टाकणाऱ्या हौशी मत्स्यवीरापुढे मासा लागेल की नाही यापेक्षा कॅमेरा कुठे लावावा हा प्रश्न अधिक गहन असतो. कपाळपट्टीवर लावल्यास मान वळेल तसे चित्र हेलकावते, आणि छातीपट्ट्यावर लावल्यास दोन्ही हात व गळाची काठी उत्तम दिसते, परंतु ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप तो चेहराच तेवढा वगळला जातो. २००४ साली गोप्रोचा पहिला कॅमेरा मनगटावर बांधला जाई, पण गळाला हिसका देताना नेमके मनगटच हलते. दातांत धरायची बैठकही, म्हणजे कॅमेरा बसवण्याचा आधार, बाजारात मिळते. दिवाळे कोळीवाड्यात पाग, अर्थात काठाला शिसे ओवलेले फेकजाळे, टाकणाऱ्यास मात्र ती विकणे अवघड, कारण जाळ्याची कड दातांत धरलेली असल्याने त्याचे दात आधीच कामात असतात.