रिफ्रेश मारा की!

आमच्या ऑफिसात सगळ्या आजारांवर एकच औषध आहे: ‘रिफ्रेश मारा.’ आकडा चुकला, मारा. रिपोर्ट उघडेना, मारा. साहेबांचा चेहरा उतरला तरी कुणीतरी सवयीनं एफ-५ दाबून पाहतं. त्यामुळे डेटाबेसवाल्यांनी विक्रीच्या टेबलात ‘जिल्हा’ आणि ‘तालुका’ हे कॉलम घातल्याचं कळताच साहेबांनी केबिनमधूनच हाक दिली, “अहो, जिल्हावार विक्री दाखवा. रात्रीच्या रिफ्रेशमध्ये येऊन बसलं असेल!”

काही बसलं नव्हतं.

आमचे रिपोर्ट ज्यात बनतात, त्या पॉवर बीआयचं मॉडेल म्हणजे रेशनकार्ड. घरात सून आली, अख्खं गाव मांडवात जेवून गेलं, तरी कार्डावर नाव चढेपर्यंत तिच्या वाटणीचं धान्य येत नाही. रात्रीचा ठरलेला रिफ्रेश जुन्याच कॉलमांत नव्या ओळी भरतो. नवा कॉलम हवा, तर मूळ फाइल पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये उघडा, तिथे रिफ्रेश करा, पुन्हा पब्लिश करा. त्यातून कुणी पूर्वी ‘रिमूव्ह अदर कॉलम्स’ वापरलं असेल, तर विचारूच नका. ती पायरी ठेवायच्या कॉलमांची यादी करते आणि बाकीच्यांना, म्हणजे अजून जन्मालाही न आलेल्यांना, दारातूनच परत पाठवते. तेही गुपचूप. उलट जुन्या कॉलमाचं कुणी नुसतं नाव बदललं, की अख्खा रिफ्रेश आडवा! आलेल्याला कुणी ‘या, बसा’ म्हणत नाही. गेलेल्याच्या नावानं मात्र गळा काढायचा.

एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमधला व्ह्यू, म्हणजे नाव देऊन ठेवलेली क्वेरी, तर याहून वस्ताद. ‘सिलेक्ट स्टार’ म्हणजे सगळे कॉलम, हा आपला भाबडा समज. त्या स्टारमध्ये कोण कोण, हे व्ह्यू बनवला त्याच दिवशी ठरतं. नंतर आलेल्यांसाठी ‘एसपी_रिफ्रेशव्ह्यू’ नावाची वेगळी पूजा घालावी लागते.

आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं, तेव्हा त्यांचा आग्रहच होता की खाली डेटाची मांडणी बदलली तरी वरच्या प्रोग्रामांना धक्का लागू नये. आमच्या रिपोर्टला तसूभरही धक्का लागला नाही. साहेबांना तेवढा लागला.

तेव्हा डेटाबेसवाल्या बंधुभगिनींनो, कॉलम वाढवलात की एका ओळीची ईमेल टाका. आणि साहेबलोकहो, ‘रिफ्रेश मारा’ म्हणण्याआधी कुठला रिफ्रेश, तेवढं सांगा.